लिनक्स डिस्ट्रो निवडताना: सॉफ्टवेअर ताजं हवं, पण बिघडलं तर मागे पण येता आलं पाहिजे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून इंदूरमधल्या ओळखीच्या लोकांचा एकच प्रश्न, बाबा रे लिनक्स टाकायचंय, कोणतं टाकू. लॅपटॉप धडधाकट आहे पण विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही, जेल रोडवर जाऊन विचारलं तर उत्तर मिळतं "भिया नया ही ले लो". दुसरीकडे भंवरकुआँला कोचिंगला जाणारी नाहीतर इंजिनिअरिंगची पोरं, त्यांना सगळं आज निघालेलं आजच हवं. या दोघांना एकाच डिस्ट्रोचं (म्हणजे लिनक्सच्या एकाच तयार संचाचं) नाव सांगून मोकळं होणं बरोबर नाही, म्हणून जरा बैजवार लिहितोय.

घाई असेल त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगतो. ताजं सॉफ्टवेअर हवंय आणि मशीनवर रोजचं काम पण करायचंय, तर फेडोरा. घरी ब्रॉडबँड आहे आणि डिस्कवर बऱ्यापैकी जागा आहे, तर ओपनसूसे टम्बलवीड. डॉक्युमेंटेशन वाचायला खरंच आवडत असेल तर आर्च. आणि आई-बाबांच्या मशीनवर मिंट, तिथे प्रयोग करायचे नाहीत. आता हे असं का ते खाली आहे, आणि ते पटलं नाही तर तुम्ही वेगळं निवडा, काही हरकत नाही.

पहिलं काम: नक्की काय ताजं हवंय ते कागदावर लिहा

"लेटेस्ट हवं" असं सगळेच म्हणतात पण काय लेटेस्ट हे विचारलं की गाडी अडते. लिनक्सवरचं सॉफ्टवेअर साधारण चार थरांत बघा. सगळ्यात खाली कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा), फर्मवेअर आणि ग्राफिक्सचं मेसा. त्याच्यावर डेस्कटॉप, म्हणजे नोम किंवा केडीई प्लाझ्मा. मग रोजची ॲप्स, ब्राउझर, लिबरऑफिस, व्हीएलसी, व्हिडिओ एडिटर वगैरे. आणि चौथा थर प्रोग्रामिंगवाल्यांचा, पायथन, पीएचपी, नोड, जीसीसी, डॉकर.

गंमत अशी आहे की तिसऱ्या आणि चौथ्या थरासाठी डिस्ट्रो ताजी असायची आता फारशी गरजच राहिलेली नाही. ॲप्स फ्लॅटपॅकने, म्हणजे कोणत्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकिंगमध्ये, फ्लॅटहब नावाच्या ॲप स्टोअरवरून येतात, तुमची डिस्ट्रो दोन वर्षं जुनी असली तरी लिबरऑफिस नवंच मिळतं. डेव्हलपरची हत्यारं कंटेनरमध्ये, म्हणजे सिस्टीमपासून वेगळ्या डब्यात, ठेवता येतात, डिस्ट्रोबॉक्स नावाची चीज आहे, तिच्यात डेबियनवर बसून आर्चचा किंवा फेडोराचा डबा उघडायचा, त्यात हवं ते टाकायचं, नको झालं की अख्खा डबा उडवायचा, मूळ सिस्टीमला धक्का नाही.

पण पहिले दोन थर डिस्ट्रोकडूनच येतात. लॅपटॉप यंदाच घेतलेला असेल, वायफायची चिप नवी असेल, तर जुन्या कर्नलवर वायफाय दिसणारच नाही, मग कितीही फ्लॅटपॅक करा. डेस्कटॉपचं पण तेच, प्लाझ्मा ६ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला पण त्याच एप्रिलमध्ये निघालेल्या कुबुंटू २४.०४ मध्ये ५.२७ च राहिला, कारण यादी आधीच गोठवलेली होती. म्हणजे ज्याला प्लाझ्मा ६ हवा होता त्याला तिथे थांबून उपयोग नव्हता.

तर कागदावर तीन-चारच नावं लिहा, जी जुनी असली तर तुमचं काम खरंच अडेल अशी. मग रेपॉलॉजी नावाची साइट उघडा आणि तिथे त्या पॅकेजचं नाव टाका, कोणत्या डिस्ट्रोत कोणती आवृत्ती आहे याचा तक्ताच समोर येतो. उदाहरणार्थ पायथन बघा, डेबियन १२ मध्ये ३.११, उबुंटू २४.०४ मध्ये ३.१२, डेबियन १३ मध्ये ३.१३. पीएचपी त्याच क्रमाने ८.२, ८.३, ८.४. तुमचा प्रोजेक्ट ८.३ वर चालतो तर उबुंटू २४.०४ वर सुखात रहा ना, उगाच रोज नवं देणाऱ्या रोलिंग डिस्ट्रोच्या मागे का पळायचं.

डिस्ट्रोवॉचची रँकिंग बघून निवडणारे पण खूप भेटतात. ती रँकिंग त्या साइटवर कोणत्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं त्याची आहे, किती लोक वापरतात त्याची नाही. तिथे एक नंबरला असणं म्हणजे लोकांना उत्सुकता आहे, बस.

दुसरं: रिलीजची पद्धत

फिक्स्ड रिलीज म्हणजे महिन्याचा किराणा एकदम भरून ठेवणं आणि रोलिंग म्हणजे रोज लागेल तसं ताजं आणणं, एवढं समजलं तरी पुरे. पहिल्यात घरात काय आहे ते पक्कं माहीत असतं, दुसऱ्यात सगळं ताजं पण रोज बाजारात जाणं आलं.

डेबियन साधारण दोन वर्षांनी नवी स्टेबल काढतं, १३ नंबरची ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आली, तिच्यात कर्नल ६.१२ आहे. उबुंटूची एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टची रिलीज) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये, पाच वर्षं अपडेट, आणि मधल्या रिलीज दर सहा महिन्यांनी पण त्यांना सपोर्ट फक्त नऊ महिने, म्हणजे वर्षातून दोनदा अपग्रेड करायचाच. एलटीएसबद्दल एक गोष्ट लोक विसरतात, तिच्यात कर्नल अडकून पडत नाही, २४.०४ सुरू झाली ६.८ वर आणि २४.०४.३ येईपर्यंत ६.१४ वर पोचली, त्यामुळे नव्या हार्डवेअरसाठी एलटीएस अगदीच बाद नाही. मिंट याच एलटीएसवर उभं आहे, फक्त स्नॅप, म्हणजे उबुंटूचं स्वतःचं ॲप पॅकिंग, बंद ठेवून.

फेडोरा मधला रस्ता. दर सहा महिन्यांनी रिलीज, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास, प्रत्येकीला साधारण तेरा महिने सपोर्ट. म्हणजे एक रिलीज सोडून दुसरीवर उडी मारली तरी चालतं, वर्षातून एकदा अपग्रेड. आणि रिलीजच्या मधे पण कर्नल आणि मेसा नवे येत राहतात, नोमची मोठी उडी मात्र पुढच्या रिलीजलाच. मला स्वतःला हा हिशोब सगळ्यात सोयीचा वाटतो.

टम्बलवीड आणि आर्च पूर्ण रोलिंग, तिथे आवृत्ती नावाची गोष्टच नाही. फरक इतकाच की टम्बलवीडच्या अपडेटचा प्रत्येक गठ्ठा बाहेर पडायच्या आधी ओपनक्यूए नावाच्या ऑटोमॅटिक टेस्टिंगमधून जातो, इन्स्टॉल होतंय का, बूट होतंय का, डेस्कटॉप उघडतोय का वगैरे.

आता जुन्या आवृत्तीबद्दलचा एक गैरसमज. डेबियनमध्ये आकडा जुना दिसला म्हणजे ते असुरक्षित असं नाही, सिक्युरिटीचा पॅच ते जुन्याच आवृत्तीत लावतात आणि मुख्य आकडा बदलत नाहीत. उलट ताजेपणाची पण किंमत असते. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलमधलं बॅकडोअर (चोरदरवाजा) उघड केलं, एसएसएच म्हणजे दुरून मशीनवर शिरायच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय या एवढ्याशा संशयावरून. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या तोवर टम्बलवीड, आर्च, डेबियन टेस्टिंग, फेडोराची रॉहाइड ही चाचणीची शाखा इथपर्यंत पोचल्या होत्या, डेबियन स्टेबल आणि उबुंटू एलटीएस मात्र कोरडे राहिले. याचा अर्थ रोलिंग वापरू नका असा नाही, पण बँकेचं काम आणि प्रयोग एकाच मशीनवर करणाऱ्याने हे माहीत ठेवावं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: पॅकेज मॅनेजरची परीक्षा घ्या

डेस्कटॉप कोणत्याही डिस्ट्रोवर बदलता येतो, वॉलपेपर तर काय, पण पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारा-काढणारा-अपडेट करणारा प्रोग्राम, बदलता येत नाही. डिस्ट्रो निवडणं म्हणजे खरं तर पॅकेज मॅनेजर आणि त्याच्या मागची रेपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं कोठार) निवडणं. आणि त्याचा वेग बघू नका, वेगावरच सगळे भांडतात. एवढंच विचारा, की काल रात्रीच्या अपडेटमध्ये काय काय बदललं ते हा सांगतो का, ही फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते सांगतो का, आणि बिघडलं तर मागे नेतो का. तिसरा प्रश्न मुख्य.

डीएनएफ, म्हणजे फेडोराचा. याला हिस्टरी आहे, "डीएनएफ हिस्टरी लिस्ट" म्हटलं की आत्तापर्यंतचे सगळे व्यवहार नंबरसकट दिसतात, आणि "हिस्टरी अंडू" पुढे नंबर दिला की तो व्यवहार उलटा फिरवतो. एखादं मोठं पॅकेज टाकून पाहिलं, त्याच्याबरोबर पन्नास गोष्टी आल्या, आवडलं नाही, एका ओळीत सगळं परत. पण यात एक मेख आहे, फेडोराच्या अपडेट रेपॉझिटरीत फक्त शेवटची आवृत्ती ठेवतात, त्यामुळे अपडेट उलटवायला गेलात तर मधली आवृत्ती मिळत नाही, फार तर रिलीजच्या दिवशीची मिळते. इन्स्टॉल उलटवायला उत्तम, अपडेट उलटवायला अर्धवट. कर्नलचं मात्र निभावतं, तीन कर्नल ठेवलेले असतात, नवा बिघडला तर बूटच्या वेळी ग्रबमधून, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूतून, जुना निवडायचा. फेडोरा ४१ पासून डीएनएफ ५ आला, तो आधीच्यापेक्षा खूपच चपळ आहे, "डीएनएफ स्लो आहे" हे वाक्य आता जुनं झालं.

झिपर, टम्बलवीडचा. इथे मजा झिपरपेक्षा बीटीआरएफएस ही फाइलसिस्टीम आणि स्नॅपर हे तिचं टूल यांची आहे. प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर रूटचा, म्हणजे सिस्टीमच्या भागाचा, स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) आपोआप घेतला जातो. सकाळी मशीन चालू केली, स्क्रीन काळी, तर रीस्टार्ट करा, ग्रबमध्ये कालचा स्नॅपशॉट निवडा, तो रीड-ओन्ली उघडतो, सगळं ठीक दिसलं की "स्नॅपर रोलबॅक" करून पुन्हा रीस्टार्ट. तुमच्या होममधल्या फाइली यात मागे जात नाहीत, त्या वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये असतात, म्हणून काल रात्री लिहिलेलं तसंच राहतं. फेडोरावर पण बीटीआरएफएस आहे पण हे स्नॅपशॉट तिथे आपोआप लागलेले नसतात, ते तुम्हाला लावावे लागतात, लोक इथेच फसतात, फाइलसिस्टीम तीच म्हणून सोय पण असेल असं धरून चालतात. आणि टम्बलवीडवर अपडेट करताना "झिपर अप" नाही, "झिपर डप" द्यायचं, हे भिंतीवर लिहून ठेवा.

पॅकमॅन, आर्चचा. वेगात याला तोड नाही. पण याची एक अट आहे, अपडेट करायचं तर पूर्ण सिस्टीमचं, अर्धवट नाही. नवीन यादी आणून त्यातलं एकच पॅकेज टाकलं आणि बाकी जुनं ठेवलं की लायब्ररीची जुळणी तुटते, हा प्रकार आर्च सपोर्टच करत नाही. पॅकमॅनच्या कमांडला एस, वाय, यू तिन्ही अक्षरं एकत्र द्यायची, सवयच लावून घ्यायची. मागे जायचं तर जुनी पॅकेजं कॅशेमध्ये पडलेली असतात तिथून हाताने टाकता येतात, पण बूटच झालं नाही तर लिनक्सचा पेनड्राइव्ह काढून त्यावरून मशीन उठवायची. म्हणून आर्चवर मुख्य कर्नलच्या जोडीला एलटीएस कर्नल पहिल्याच दिवशी टाकून ठेवा.

एयूआर, म्हणजे आर्च वापरणाऱ्यांनीच भरलेलं कोठार, त्याबद्दल भाचा विचारत होता, "मामा, आर्चवर म्हणे जगातलं सगळं सॉफ्टवेअर मिळतं?" मिळतं रे, पण देतं कोण ते बघ. एयूआर म्हणजे कोणीही खातं उघडून टाकलेल्या बिल्ड स्क्रिप्ट्स. जुलै २०२५ मध्ये तिथे फायरफॉक्स, लिबरवुल्फ आणि झेन ब्राउझरच्या नावाशी जुळणारी तीन पॅकेजं सापडली ज्यांच्यात मशीनचा ताबा घेणारा मालवेअर होता, दोन दिवसांत काढली पण टाकणाऱ्यांनी टाकली असतीलच. पीकेजीबिल्ड फाइल (तीच ती बिल्ड स्क्रिप्ट) उघडून वाचायची, डाउनलोड कुठून होतंय तेवढं तरी बघायचं, आणि हे ज्याला नको वाटतं त्याने एयूआर वापरू नये, साधी गोष्ट. आर्चवरच बेतलेल्या मांजारोवर तर आणखी घोळ, ते आर्चची पॅकेजं काही दिवस अडवून ठेवतात आणि एयूआर मात्र आजच्या आर्चला धरून लिहिलेलं असतं, मग जुळत नाही. आर्चच हवं पण इन्स्टॉलची कटकट नको, तर एंडेव्हरओएस घ्या.

एपीटी, डेबियन-उबुंटू-मिंटचा. मजबूत, सगळीकडे मदत मिळते, बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचं डेब पॅकेज (एपीटीला चालणारं) मिळतं. मागे जाण्याची सोय कमजोर, म्हणून मिंटमध्ये स्नॅपशॉट घेणारं टाइमशिफ्ट आधीपासून दिलेलं असतं, ते चालू करा. आणि उबुंटूवर ताजं सॉफ्टवेअर मिळवायला लोक दहा ठिकाणचे पीपीए, म्हणजे बाहेरच्यांच्या रेपॉझिटरी, जोडतात, मग अपग्रेडच्या वेळी सगळं एकमेकांत अडकतं. पीपीएपेक्षा फ्लॅटपॅक बरं, डेबियनवर असाल तर बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी डेबियननेच बनवलेली नवी पॅकेजं) बरं.

निक्सओएस, व्हॉइड, जेंटू यांच्याबद्दल इथे लिहित नाही. निक्सओएसमध्ये मागे जाणं सगळ्यात पक्कं आहे हे खरं, पण त्याची भाषा शिकायला सुट्ट्या काढाव्या लागतील.

चौथं: नेट आणि डिस्कचा हिशोब

हे कोणी सांगत नाही. हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर जगणाऱ्याने रोलिंगच्या वाट्याला जाऊ नये. टम्बलवीडमध्ये कंपायलर किंवा एखादी पायाची लायब्ररी बदलली की हजारो पॅकेजं नव्याने बनतात आणि एका दमात दोन-तीन जीबी उतरवायला लागतात. डेबियन स्टेबलला त्या मानाने काहीच लागत नाही. फ्लॅटपॅक पण सुरुवातीला जड, पहिल्या ॲपबरोबर रनटाइमचे शेकडो एमबी येतात, पुढची ॲप्स तेच वापरतात म्हणून नंतर हलकं होतं. स्नॅपशॉट ठेवायचे तर रूटला चाळीस-पन्नास जीबी तरी मोकळे ठेवा, नाहीतर डिस्क भरते आणि अपडेट मधेच अडकतो. डाउनलोड आणि इन्स्टॉल वेगळं करता येतं, डीएनएफ आणि झिपर दोघांना "डाउनलोड ओन्ली" समजतं, जिथे वायफाय आहे तिथे उतरवा, घरी येऊन टाका. आणि पावसाळ्यात डेस्कटॉपवर यूपीएस नसेल तर वीज कडकडत असताना अपडेट लावू नका.

पाचवं: टाकायच्या आधी पेनड्राइव्हवर चालवून बघा

व्हेंटॉय वापरा, एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच डिस्ट्रोंच्या आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइली) नुसत्या कॉपी करायच्या, बूट करताना मेनूतून निवडायची. आयएसओचा शा-२५६, म्हणजे डाउनलोड बरोबर झालंय का हे सांगणारा कोड, साइटवरच्या कोडशी जुळवून घ्या. मग लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून, वायफाय, आवाज, ब्राइटनेसच्या कीज, कॅमेरा, आणि झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतंय का, एवढं बघा. झोपून उठणं हीच परीक्षा सगळ्यात जास्त लॅपटॉप नापास करतात. लाइव्हमध्ये जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर चालेल अशा आशेवर राहू नका, एनव्हिडियाचं कार्ड सोडून, त्याचा ड्रायव्हर नंतर टाकायचा असतो. फेडोरा, उबुंटू, डेबियन, ओपनसूसे सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टीम उठू देणारं मशीनचं सेटिंग) चालू असताना उठतात, आर्चचं तसं नाही, तिथे बंद करा किंवा स्वतः सही करत बसा.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर पार्टिशनला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्या आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप हा बॅकअप नाही.

सहावं: पहिल्या दिवशी

पूर्ण अपडेट, रीस्टार्ट. फेडोरावर आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रेपॉझिटरी जोडा, पेटंटच्या भानगडीमुळे काही व्हिडिओ कोडेक आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर तिथून घ्यावा लागतो. टम्बलवीडवर त्याच कामासाठी पॅकमन आहे, आर्चच्या पॅकमॅनशी याचा संबंध नाही. फ्लॅटहब जोडा.

मराठी टाइप करायला आयबसचं एम१७एन पॅकेज टाका आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा, इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. फॉन्टला नोटो देवनागरी पुरेसा आहे. घरात कोणी सीपीसीटीची (मध्य प्रदेशातल्या संगणक-टायपिंग परीक्षेची) तयारी करत असेल तर त्यांचा सराव त्याच परीक्षेच्या लेआउटवर चालू द्या, इथे नवीन काही सुचवू नका.

प्रोग्रामिंगवाल्यांनी सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) काही टाकायला गेलं की बऱ्याच डिस्ट्रोंवर "एक्सटर्नली मॅनेज्ड" असा एरर येईल, तो जबरदस्तीचा फ्लॅग देऊन मोडू नका. ती अडवणूक मुद्दाम आहे, कारण पॅकेज मॅनेजर आणि पिप एकाच जागी लिहायला लागले की कोणाचं काय ते कळेनासं होतं. व्हेनव्ह, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, बनवा, किंवा तेच काम आपोआप करणारं पिपएक्स वापरा.

त्यानंतर रोज अपडेट करायची काही गरज नाही. रोलिंगवर आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, पोहे झाल्यावर निवांत, सोमवारी सबमिशन असेल तर त्या रविवारी नाही. आर्चवर आधी त्यांच्या मुख्य पानावरच्या बातम्या बघायच्या, हाताने काही करावं लागणार असेल तर तिथे लिहिलेलं असतं. पण दोन-तीन महिने लांबवू पण नका, रोलिंगमध्ये जितकं अंतर जास्त तितकं जुळवणं अवघड. सिक्युरिटीचे अपडेट मात्र डेबियन-मिंटवर आपोआप चालू ठेवा, आई-बाबांच्या मशीनवर तर नक्कीच, ते स्वतःहून मिंटमधली ती अपडेटची ढालीची खूण कधी दाबणार नाहीत.

आणि तो पहिला कागद फेकू नका. सहा महिन्यांनी त्यातली नावं पुन्हा रेपॉलॉजीवर बघा, आणि सगळं पुरेसं ताजं दिसलं तर डिस्ट्रो बदलायची खाज आली तरी हात आवरा.